जुन्या आज्ञावलीचे नव्या संगणकात बिऱ्हाड

१९९० नंतरच्या दीड-दोन दशकांत ज्या मराठी नियतकालिकांनी आपली अक्षरजुळणी पेजमेकरवर केली, त्यांच्या दप्तरी आज असा पुष्कळसा मजकूर पडून आहे, की जो शाबूत असूनही वाचता येत नाही. त्या काळच्या टंकांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर बसविलेली असत. तो विशिष्ट टंक आणि त्याची लिपी-आज्ञावली हाताशी नसेल, तर फाइल उघडूनही पडद्यावर रोमन चिन्हांचा निरर्थक गोंधळ तेवढा उमटतो.

आमच्या त्रैमासिकाचा विंडोज एक्सपीवर चालणारा संगणक कुरकुरू लागला, तेव्हा नवे यंत्र देणाऱ्या विक्रेत्याने ‘व्हर्च्युअल मशीनमध्ये सगळे जसेच्या तसे चालेल’ अशी ग्वाही दिली आणि जुने यंत्र मोडीच्या भावाने उचलून नेले. ती ग्वाही निम्मीच खरी होती.

व्हर्च्युअलबॉक्ससारखी विनामूल्य आज्ञावली नव्या संगणकाच्या स्मृतीचा व हार्डडिस्कचा काही हिस्सा तोडून घेऊन त्यात दुसरा, आभासी संगणक उभा करते, आणि एक्सपीच्या गरजा इतक्या माफक असतात, की ५१२ एमबी स्मृतीतही पेजमेकर सुखाने नांदतो. ६४-बिट विंडोज १६-बिट आज्ञावल्यांना थारा देत नाही आणि विंडोज ११ तर केवळ ६४-बिट स्वरूपातच मिळते, हे ध्यानी घेता एक्सपीहून जुन्या १६-बिट आज्ञावल्यांनाही हाच आसरा सोयीचा. (ॲपलने २०२० पासून स्वतःच्या चिपवर आणलेल्या मॅकवर मात्र जुन्या प्रोसेसरची संपूर्ण नक्कल करावी लागते, व ती संथ चालते.)

आमचे घोडे अडले ते लॉकपाशी. चोरटी प्रत चालू नये म्हणून लिपी-आज्ञावलीसोबत दिलेले ते लॉक प्रिंटरच्या जुन्या पॅरलल पोर्टात बसणारे होते, आणि नव्या यंत्राला तसा पोर्टच नव्हता. यूएसबीला जोडण्याचे जे रूपांतरक बाजारात मिळतात, ते प्रिंटरपुरते उपयोगी पडतात, लॉकची ओळख पटवीत नाहीत. यूएसबी लॉक असते, तर ते आभासी यंत्राच्या स्वाधीन करता आले असते. शेवटी एका स्नेही मुद्रकाकडे तीच आज्ञावली यूएसबी लॉकसह, रीतसर परवान्याने होती, म्हणून निभावले. एक्सपीचीही तीच तऱ्हा: यंत्राबरोबर आलेल्या प्रतीचा परवाना त्या यंत्रापुरताच असतो, आणि जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करून आभासी यंत्रात बसविली, तरी बदललेले यंत्र पाहून ती पुन्हा नोंदणी मागते. सबब स्वतंत्र परवान्याची प्रत व तिची किल्ली आधीच शोधून ठेवावी.

एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली असल्यामुळे आभासी यंत्राची इंटरनेट-जोडणी सेटिंगमध्येच बंद करावी, आणि फाइलींच्या देवघेवीसाठी एकच फोल्डर सामाईक ठेवावे, सबंध डिस्क नव्हे. राखीव प्रत म्हणून स्नॅपशॉटवर, म्हणजे आभासी यंत्राच्या एखाद्या क्षणी जपून ठेवलेल्या अवस्थेवर, विसंबून राहणारे लोक पाहिले, की मला त्यांची काळजी वाटते. स्नॅपशॉट हा मूळ डिस्क-फाइलीवर अवलंबून असतो. ती गेली, की तोही गेला. म्हणून आभासी यंत्र पूर्ण बंद करून त्याचे सबंध फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावे.

एवढा बंदोबस्त करूनही आभासी यंत्रात नवे अंक जुळवीत बसणे मला शहाणपणाचे वाटत नाही. तेथून प्रत्येक पानाची पीडीएफ काढावी, मजकूर युनिकोडमध्ये उतरवावा आणि पुढचे काम नव्या आज्ञावलीत करावे. रूपांतरानंतर मात्र मुद्रितशोधन टाळता येत नाही, कारण जुन्या टंकात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टंकलेला असतो, युनिकोडमध्ये हा क्रम नेमका उलटा, आणि जोडाक्षरांपाशी रूपांतरक हमखास घसरतो.

ज्यांचा जुना संगणक अद्याप सुरू होतो, त्यांना माझी विनंती एवढीच, की तो मोडीत देण्यापूर्वी आपला एखादा जुना अंक आभासी यंत्रात, लॉकसकट, उघडून आणि छापून पाहावा. विक्रेत्याचा शब्द त्यानंतर घ्यावा.