हलत्या कॅमेऱ्याचे चित्रपट आणि भ्रम-हृल्लास : एक हेतुविचार

चित्रपट पाहून आलेला रुग्ण डोके गरगरत असल्याची व मळमळत असल्याची तक्रार सांगतो, तेव्हा आपले लक्ष प्रथम त्याच्या आहाराकडे जाते. मध्यंतरातील सामोसा, रात्रीचे जागरण, अम्लपित्ताचा पूर्वेतिहास हे हेतू चटकन हाती लागतात आणि पित्तशामक चूर्णाची पुडी दिली जाते. कित्येकदा मात्र खरा हेतू पोटात नसून पडद्यावर असतो. त्याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

हेतू

हातातील कॅमेऱ्याचा हादरा हा दीर्घकाळ दोष मानला जाई. तो घालविण्यासाठी गॅरेट ब्राऊन यांनी स्टेडीकॅम हे उपकरण सिद्ध केले व ‘बाउंड फॉर ग्लोरी’ (१९७६) या चित्रपटात ते प्रथम वापरले गेले. पुढे तोच हादरा प्रसंग खरा वाटावा म्हणून बुद्धिपुरस्सर आणला जाऊ लागला. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ (१९९९) पाहताना अनेक प्रेक्षकांना मळमळले. पॉल ग्रीनग्रास यांच्या ‘द बोर्न अल्टिमेटम’मध्ये (२००७) हादऱ्याच्या जोडीला सरासरी सुमारे दोन सेकंदांना दृश्य बदलते. ‘क्लोव्हरफील्ड’च्या (२००८) वेळी तर अमेरिकेतील काही चित्रपटगृहांनी प्रेक्षकांना सावध करणाऱ्या सूचना लावल्या होत्या.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात असात्म्येंद्रियार्थसंयोग सांगताना अतिजवळची, भयंकर व विकृत रूपे पाहणे हा चक्षुरिंद्रियाचा मिथ्यायोग मानला आहे. पुढच्या रांगेत बसून दोन तास हिंदकळणारा पडदा पाहणे याच वर्गात बसते, असे आमचे मत आहे.

संप्राप्ती

आधुनिक शास्त्राची प्रचलित उपपत्ती अशी की, डोळे ‘आपण हलत आहोत’ असे सांगतात, तर अंतःकर्णातील तोलाचे इंद्रिय ‘आपण स्थिर आहोत’ असे सांगते. या विसंगतीतून भ्रम, हृल्लास, स्वेद व क्वचित छर्दी उद्भवते. बोट किंवा घाटातील बस लागते, त्याचीच ही उलट बाजू होय. पडदा दृष्टिक्षेत्राचा जितका अधिक भाग व्यापतो, तितका त्रास अधिक. आपल्या परिभाषेत भ्रमामध्ये वात, पित्त व रज यांचे प्राधान्य सांगितले आहे. अर्धशिशीचे रुग्ण व प्रवासात गाडी लागणारी माणसे यांस हा त्रास लवकर होतो.

व्यवच्छेद

येथे खरी दक्षता हवी. पडद्यामुळे आलेला भ्रम डोळे मिटताच उतरू लागतो व बहुधा काही तासांत पूर्ण शमतो. कूस बदलताना क्षणभर गरगरत असेल, तर अंतःकर्णाचा विकार शोधावा. भ्रमासोबत बोलणे अडखळणे, एकाचे दोन दिसणे, चेहरा किंवा हातपाय लुळे पडणे, चालताना तोल जाणे, अकस्मात तीव्र शिरःशूल यांपैकी एकही लक्षण आढळल्यास, चित्रपटाचे निमित्त असले तरी, पुडी देण्यात वेळ न दवडता रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे. औषधालयाच्या फळीवर बसणाऱ्या बंधूंनी ही लक्षणे पाठच करून ठेवावीत.

उपचार

निदानपरिवर्जन हाच संक्षेपाने उपचार, हे सुश्रुतमत येथे अक्षरशः लागू पडते. डोळे मिटावेत, बाहेर मोकळ्या हवेत येऊन दूरच्या स्थिर वस्तूकडे पाहावे. पूर्वी त्रास झालेल्यांनी मागच्या रांगेत बसावे व जड, तळलेले अन्न टाळावे. आल्याचा तुकडा सैंधवासह चघळण्यास द्यावा. फिरत्या खुर्चीवरील प्रयोगात सुंठीचा उपयोग झाल्याचे १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले होते, नंतरच्या प्रयोगांचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत, म्हणून सुंठीविषयी अवास्तव आश्वासन देऊ नये. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असल्यास तिचा औषधी मात्रेत वापर विचारपूर्वकच करावा. गाडी लागू नये म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांपैकी अनेकींनी झोप येते. त्या घेऊन वाहन चालवू नये, हे ग्राहकास आवर्जून सांगावे.

आज हाच मिथ्यायोग भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून आणि संगणकीय खेळांतून घराघरांत पोहोचला आहे. म्हणून भ्रमाच्या रुग्णास “काय खाल्ले?” या प्रश्नापाठोपाठ “काय पाहिले?” हाही प्रश्न विचारण्याचा परिपाठ व्यवसायबंधूंनी ठेवावा, अशी आमची विनंती आहे.