आजोळी येण्याआधी

नांदगाव पेठ

चि. भाचीबाईस,

मामाचा नमस्कार. (आपल्या वऱ्हाडात मामानं भाचीच्या पाया पडायचं असतं, म्हणून आशीर्वाद देण्याच्या भानगडीत पडत नाही.)

अकोल्याला आलो होतो तेव्हा तू विचारलंस, "मामा, मी नॉर्मल कधी होईन?" चारचौघांत बसून मला उत्तर लवकर सुचत नाही, तुझंही तसंच आहे, म्हणून लिहून पाठवतो. उत्तर आहे, कधीच नाही. त्याची वाट पाहत बसू नकोस. अकरावीला इकडे राहायला येणार आहेस, तर वाट पाहण्यापेक्षा बरीच कामं आहेत.

तुझ्या ऑटिझमच्या अहवालात 'आयसा' नावाची प्रश्नावली आहे. 40 प्रश्न, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. 70 ते 106 म्हणजे सौम्य ऑटिझम, 153 च्या वर तीव्र. तुझा कागद पाहिल्यावर मीही नागपूरला जाऊन तपासून घेतलं आणि पंचेचाळिशीत मलाही तसाच कागद मिळाला. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. तेव्हा "मायनं मोबाईल हातात देल्ला म्हनून पोट्टी अशी झाली," असं कोणी म्हटलं तर तुझ्या आईला ते मनाला लावून घेऊ देऊ नकोस. आणि 'सौम्य' हे फक्त कागदावर. मांडवात डीजे सुरू झाला की आपल्या डोक्यात जे होतं त्यात सौम्य काही नसतं.

मागच्या लग्नात मी तुला पाहत होतो. मावसबहिणी हसल्या की तू हसत होतीस, त्यांनी टाळ्या वाजवल्या की अर्ध्या क्षणानं तुझ्या टाळ्या. कोणाच्या लक्षात आलं नाही, इतकं बेमालूम. घरी आलीस आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दार लावून पडून राहिलीस. सगळे म्हणाले, "लगनात थकली." लग्नात नाही थकलीस, नकलेनं थकलीस. मुलींना हे फार लहानपणापासून जमतं, म्हणून त्यांचं निदान बहुतेक वेळा उशिरा होतं. माझं म्हणणं एवढंच, की ही नक्कल जिथे पोटापाण्याचा प्रश्न असेल तिथे, आणि तीही थोडा वेळच कर. रोज करशील तर अभ्यासाला अंगात काही उरणार नाही. स्वतःला स्वीकारणं म्हणजे काही फार मोठं तत्त्वज्ञान आहे असं मला वाटत नाही. उरलेली ताकद कुठे खर्च करायची ते ठरवणं, बस.

माझंच बघ. जिनिंगमध्ये काट्यावर बसतो. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग लागते. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, काटापट्टी फाडली की पुढची गाडी. मशीनचा आवाज दिवसभर एकसारखा असतो, त्याचा मला त्रास नाही. घरी कूलरच्या आवाजात तर झोप छान लागते. टोलनाक्याकडून अचानक ट्रकचा हॉर्न आला की मात्र अंगावर काटा येतो. त्यासाठी खिशात चार सरक्या ठेवतो. सरकीवर बारीक लव असते, ती बोटांत फिरवली की जीव ठिकाणावर येतो. पोट्टे आधी हसायचे, "मामा माळ जपते." आता रिकाम्या गाडीचं वजन मागच्या वेळेपेक्षा वेगळं भरलं, तर पट्टी न पाहता मला कळतं हे त्यांनी पाहिलंय. पण समज, मला ते कळलं नसतं, तरी सरक्या खिशात ठेवल्याच असत्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आइन्स्टाईनचा फोटो लावून 'ऑटिझम ही देणगी आहे' असे निरोप फिरतात, ते पुसून टाकत जा. हुशार असलो तरच आपल्याला माफी, असा त्याचा अर्थ होतो.

तुला डोनाल्ड ट्रिपलेटबद्दल सांगायचं आहे. 1943 मध्ये लिओ कॅनर या डॉक्टरांनी ऑटिझम असलेल्या 11 मुलांबद्दल निबंध लिहिला, त्यातला हा पहिला मुलगा. जन्म 1933 चा, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातलं फॉरेस्ट हे छोटं गाव. तीन वर्षांचा असताना त्याला संस्थेत ठेवलं होतं, वर्षभरानं आईवडिलांनी परत आणलं. पुढे तो कॉलेज शिकला, गावच्या बँकेत नोकरीला लागला, गाडी चालवायला शिकला, गोल्फ खेळला, एकटा देशोदेशी हिंडला आणि 2023 मध्ये 89 व्या वर्षी वारला. गाव त्याला ओळखून होतं, सांभाळून होतं. यातली एक गोष्ट सहसा कोणी ठळकपणे सांगत नाही: बँक त्याच्या आजोळची होती! तुझ्या आजोळी बँक नाही. पण डोनाल्ड निभावला तो बदलून नाही, घरानं आणि गावानं त्याला जागा दिली म्हणून, हे ध्यानात ठेव.

आणि अशी जागा न मिळालेले आपल्याच जिल्ह्यात आहेत. परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी बेवारस दिव्यांग मुलांना आपलं आडनाव देऊन वाढवलं. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अशा मुलांना अठराव्या वर्षी संस्थेबाहेर काढू नये, त्यांच्या कायमच्या पुनर्वसनाचा कायदा करावा, ही त्यांची जुनी मागणी. तिथली कितीतरी मुलं आयुष्यभर कोणाच्या तरी हाताशिवाय जेवू शकणार नाहीत. "मी त्यांच्यातली नाही, मी हुशार आहे," हे वाक्य तुझ्या तोंडून मला कधी ऐकायचं नाही.

आता इथलं सांगतो. माडीवरची खोली तुझी. रस्त्याकडची खिडकी बंद राहील, मागची उघडी. अमरावतीची गाडी सकाळी खच्चून भरते, आधीच्या गाडीनं जा आणि वाचनालयात बस. आजी रोडगे करेल त्या दिवशी वांग्याच्या भाजीवरून आग्रह होईलच: "एक घास तं खा माय." घास घेऊ नकोस, कारणंही देऊ नकोस. "मला चालत नाही" म्हणायचं आणि वरण मागायचं. मी तीच युक्ती लहानपणापासून वापरतो.

वर्गात सगळ्यांना सांगत सुटायची गरज नाही. आधी गरज सांग, नाव मागून: "सर, काम लिहून दिलं तर माझ्याकडून चुकत नाही." बहुतेक जण एवढ्यावर लिहून देतात. एखादी मैत्रीण जवळची झाली तर तिला पूर्ण सांग. ती दूर गेली तर वाईट वाटेल, ते मी खोटं सांगणार नाही.

मी शाळेत होतो तेव्हाच्या, 1995 च्या दिव्यांगांच्या कायद्यात ऑटिझमचं नावही नव्हतं. 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत ते आहे. त्यामुळे बारावीच्या पेपरला तासाला 20 मिनिटं जादा मिळतात. ही वेळ मागायला लाजू नकोस, तुझ्या हक्काची आहे. अर्ज कॉलेजमार्फत अमरावतीच्या विभागीय मंडळाकडे जातो आणि शेवटच्या आठवड्यात तिथे गर्दी असते, म्हणून आपण आधीच देऊन टाकू. येताना अहवालाच्या आणि दिव्यांग प्रमाणपत्राच्या दोन-दोन झेरॉक्स आण, मूळ कागद आईकडेच राहू दे. कानात घालायचे बोळे विसरलीस तरी चालेल, माझ्याकडे डबी भरून आहेत.

तुझा,
मामा