लादीखालची जमीन

कर्जतला लागून, उल्हास नदीच्या परिसरात दहिवली हे गाव आहे. सह्याद्री जवळ असल्यामुळे येथे पावसाळ्यात मुसळधार पाऊस कोसळतो. कोकणातील जुन्या घरांत भुई शेणाने सारवीत. पुढे सिमेंटचा कोबा आला, आणि आता कोब्यावर लादी बसवण्याची हौस घरोघरी दिसते. लादी निवडताना सारे घर रंगून जाते. कोब्याकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहत नाही. वास्तविक लादी टिकणार की उखडणार, हे पुष्कळसे कोब्यावरच अवलंबून असते.

कसबी गवंडी प्रथम हातोडीने सारा कोबा हलकेच ठोकून पाहतो. आवाज खणखणीत आला, तर कोबा घट्ट आहे. आवाज बद्द आला, तर आत पोकळी असते. तेवढा भाग फोडून पुन्हा भरावा लागतो. दुधावर साय धरावी, तसा ओल्या काँक्रीटवर बारीक सिमेंटचा दुबळा थर जमतो. तो खरवडून काढावा. गुळगुळीत कोब्यावर छिन्नीने टाचे मारावेत, म्हणजे सिमेंटच्या मालाला धरायला जागा मिळते. तेलाचा डाग व धूळ राहिल्यास ही सारी मेहनत फुकट जाते.

यानंतर ओलीची परीक्षा. सुमारे 45 सेंटिमीटर लांबीरुंदीचा प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर पसरून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. 16 तासांनी तो उचलून पाहावा. आतल्या बाजूस दवबिंदू दिसले, किंवा खालचा कोबा काळवंडलेला आढळला, तर जमिनीतून ओल वर येत आहे असे समजावे. ही ओल आपल्याबरोबर क्षार आणते. ते सांध्यांत पांढऱ्या पुडीच्या रूपाने साचतात, आणि कालांतराने लादीची पकड सुटू शकते. पाणी कोठून मुरते, ते शोधल्यावाचून पुढे जाऊ नये. कोबा नवा असेल, तर तो सुमारे 28 दिवस पक्का होऊ द्यावा.

मग लादी सिमेंटच्या मालावर बसवायची असल्यास गवंडी त्याच कोब्यावर पाणी का शिंपडतो? कोरडा कोबा मालातील पाणी शोषून घेतो आणि पाण्यावाचून सिमेंट घट्ट होत नाही, म्हणून. मात्र पाण्याचे थारोळे राहू द्यायचे नाही.

जमीन सपाट आहे की नाही, हे नजरेला कळत नाही. त्यासाठी गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरतो आणि तिची दोन टोके समोरासमोरच्या भिंतींशी धरतो. नळी कितीही वाकडी असो, दोन्हीकडचे पाणी एकाच पातळीवर स्थिरावते. नळीत हवेचा बुडबुडा अडकला, तर मात्र माप चुकते. पाण्याच्या पातळीवर खुणा करून तेथून खाली मोजले, की उंचवटे व खळगे उघड होतात.

न्हाणीघरात मात्र सपाट जमीन उपयोगाची नाही. तेथे मोरीकडे दर मीटरला सुमारे एक सेंटिमीटर उतार हवा, आणि तो लादीच्या आधीच द्यावा. उंबऱ्याशी तांब्याभर पाणी ओतून पाहावे. ते वाटेत न थांबता मोरीत गेले, की मग लादीचा गठ्ठा सोडायला हरकत नाही.