सुट्टीत घरी आलेले मूल

वाचनभाग : लूक २:४१-५१



मे महिना लागला की आश्रमशाळांची वसतिगृहे रिकामी होतात. धडगाव, अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर मुले पत्र्याची पेटी घेऊन परत येतात. पहिलीतले मूल जेमतेम सहा-सात वर्षांचे असते. तरी वर्षाचे बरेच महिने ते घरापासून दूर काढते. अनेक घरांत आईवडीलही ऊसतोडीचा हंगाम आटोपून नुकतेच आलेले असतात. जूनपर्यंतचे हे थोडे आठवडे म्हणजे त्या घराचा एकत्र राहण्याचा सर्वांत मोठा काळ. पाढे किती पाठ झाले, हे या दिवसांत नाही विचारले तरी चालेल. पण मुलाच्या मनात काय साठले आहे, हे घरात एकाला तरी कळलेच पाहिजे.

आपल्या वाचनभागात बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत मागे राहतो. आईवडील तीन दिवसांनी त्याला शोधून काढतात. आई आपले दुःख स्पष्ट सांगते आणि त्याला प्रश्न विचारते. त्याचे उत्तर त्यांना समजत नाही. तरी ती त्याला झिडकारत नाही, सगळे मनात जपून ठेवते. सुट्टीत पालकांनी शिकायचे ते हेच : विचारणे, ऐकणे आणि जपणे.

१. पहिले आठ दिवस सबुरीचे
कोणी मूल गप्प बसते, कोणी आईला क्षणभर सोडत नाही, कोणी धाकट्या भावंडावर हात उगारते. “शाळेत जाऊन बिघडला,” असे आपण पटकन म्हणतो. पण घंटेवर उठायची आणि रांगेत जेवायची सवय झालेल्या मुलाला घरसुद्धा पुन्हा नवे असते. आपल्या जागी धाकटा आईच्या कुशीत निजतो, हेही त्याला बोचते. मारू द्यायचे नाही, हात धरायचा, मात्र “तुला राग आला ना? आई आता त्याचीच झाली असे वाटले का?” असे विचारायचे. भावनेला नाव मिळाले की मूल ती हाताने दाखवण्याऐवजी तोंडाने सांगायला शिकते.

२. घरच्या बोलीत बोलू द्या
पाहुण्यांपुढे मराठी कविता किंवा इंग्रजी शब्द म्हणायला लावू नका. भीती, लाज, आठवण हे सारे मूल आपल्या पावरी किंवा भिली बोलीतच मोकळेपणाने सांगते. आजीजवळ रात्री गोष्ट ऐकताना जे बाहेर येते, ते समोर बसवून केलेल्या चौकशीत येत नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेतही त्याला त्याच्या शब्दांत बोलू द्या. चुका काढू नका.

३. कामात सोबत घ्या
या दिवसांत आमचुरासाठी कैऱ्या सोलून उन्हात घालायचे काम असते. मुलाला नुसते राबवू नका, एक जबाबदारी द्या : वाळत घातलेल्या फोडी राखणे किंवा टोपल्या मोजणे. काम झाल्यावर “तुझ्यामुळे लवकर आटोपले,” असे म्हणा. हात कामात असले की तोंडही उघडते. मग खेळायला सोडा. लगोरीत हरणे आणि भांडून पुन्हा एकत्र येणे, हेही शिक्षणच आहे.

४. “मला जायचे नाही” हे ऐका
शाळा उघडायची वेळ आली की काही मुलांचे पोट दुखते, काही रात्री रडतात. दर वेळी तो आळस नसतो. घरची ओढ असेल, तशी कोणाची मारहाण, उपासमार किंवा नको तो स्पर्शही असेल. न रागावता विचारा, सांगितले त्यावर विश्वास ठेवा. गंभीर गोष्ट असेल तर मुलाला गुपचूप परत पाठवू नका. जाणत्या माणसाला सोबत घेऊन तक्रार करा. बालकांसाठीचा १०९८ हा मदत क्रमांक मोफत आहे.

निरोप देताना “बाजारातून येतो” असे खोटे सांगून निघून जाऊ नका. पुढे कधी भेटायला येणार ते सांगा, आणि जमेल तोच वार सांगा. पाळलेला शब्द मुलाला वर्षभर पुरतो.

मंडळीसाठी
वह्या आणि कपडे आपण प्रेमाने पाठवता, त्याबद्दल आभार. यंदा वेळही द्या. सुट्टीतल्या बायबल शाळेत पाठांतराच्या स्पर्धेआधी अर्धा तास मुलांना गोल बसवा आणि वर्षभरात काय आवडले, कशाची भीती वाटली, हे सांगू द्या. एकाने सांगितलेले दुसऱ्याने हसण्यावारी नेऊ नये, एवढाच नियम ठेवा.

विचार करा
• माझ्या घरातले मूल रडते तेव्हा माझे पहिले वाक्य कोणते असते?
• आपल्या पाड्यावरच्या किंवा मंडळीतल्या कोणत्या मुलाचे ऐकायला घरी कोणीच नाही? या आठवड्यात त्याच्याकडे कोण जाईल?