दोन पठारे : अरबस्तान आणि दख्खन

हैदराबादकरांना अरबस्तान तसा परका नाही. शहराच्या दक्षिणेस असलेल्या बारकस वस्तीत, निजामाच्या फौजेत चाकरीस आलेल्या हद्रमौती अरबांचे वंशज आजही नांदत आहेत. आणि १९७० नंतरच्या काळात येथील कितीतरी कुटुंबांतील माणसे नोकरीसाठी तिकडे गेली. तरीही, अरबस्तानात काय आहे, असे वर्गात विचारले, की “वाळू!” एवढेच उत्तर मिळते. हे उत्तर कितपत खरे आहे, ते सौदी अरेबियाचा नकाशा समोर ठेवून पाहू.

या देशाचे क्षेत्रफळ सुमारे २१,५०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या जवळजवळ दोन-तृतीयांश आहे. पश्चिमेस तांबड्या समुद्राच्या काठाने ‘तिहामा’ नावाची चिंचोळी, दमट किनारपट्टी आहे. तिच्यामागे हेजाज व असीर यांचे डोंगर कड्यासारखे उभे राहतात. असीरमधील सर्वोच्च शिखर सुमारे ३,००० मीटर उंच आहे. कडा चढून गेले, की पठार लागते व ते पूर्वेकडे हळूहळू उतरत इराणच्या आखातास मिळते. आता तिहामाच्या जागी कोकण, हेजाजच्या जागी सह्याद्री आणि पुढे दख्खन ठेवून पाहा! कोकणी बोलत समुद्रकाठी वाढलेल्या व घाट चढून येथे आलेल्या आम्हांस तर हे साम्य विशेषच जाणवते.

साम्य खडकांतही आहे. पश्चिम अरबस्तानचा पाया आपल्या गोवळकोंड्याच्या ग्रॅनाइटसारख्या अतिप्राचीन, कठीण खडकांचा आहे. महाराष्ट्रात लाव्हा पसरला, तसे तेथेही लाव्ह्याचे प्रदेश आहेत. मदिनेजवळ १२५६ साली झालेल्या उद्रेकाची इतिहासात नोंद आहे. पूर्वेकडे मात्र वालुकाश्म व चुनखडी यांचे थर आहेत. त्यांतच खनिज तेल सापडले. दम्माम येथील विहिरीस ते विपुल लागले १९३८ साली.

मग वाळू कोठे आहे? उत्तरेस ‘नफूद’ व दक्षिणेस ‘रुब अल् खाली’ ही वाळवंटे असून ‘दहना’ हा वाळूचा लांबच लांब पट्टा त्यांस जोडतो. शेजारच्या देशांतही पसरलेले रुब अल् खाली एकटे सुमारे ६,५०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठे आहे. तरीही देशाचा बराचसा भाग खडकाळ व गोट्यांचाच आहे. तात्पर्य, वाळवंट वाळूमुळे होत नाही. ते पाण्याच्या अभावी होते.

रियाध शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, तर हैदराबाद सुमारे ५४०. उंचीत फार अंतर नाही; परंतु रियाधला वर्षाकाठी सुमारे १०० मिलिमीटर पाऊस पडतो, हैदराबादला सुमारे ८००. कर्कवृत्ताच्या आसपास हवा वरून खाली उतरते, उतरताना तापते व त्यामुळे ढग बनू शकत नाहीत. आपणांस तारतात ते नैर्ऋत्य मोसमी वारे. ते अरबी समुद्रावरील बाष्प घेऊन आपल्याकडे येतात. सौदी भूमीवर त्यांचा थोडाफार लाभ असीरलाच होतो. म्हणून आपल्या पठारावरून गोदावरी व कृष्णा वाहतात, तर तेथे एकही बारमाही नदी नाही. आहेत त्या केवळ ‘वादी’. आमच्या कोकणी व्हाळाने वर्षातून काही तासच वाहावे, तसा हा प्रकार!

वालुकाश्मांच्या थरांत मात्र हजारो वर्षांपूर्वीच्या ओल्या काळातील पाणी साठलेले होते. १९८० नंतर ते उपसून तेथे इतका गहू पिकविला, की तो निर्यातही झाला. पण साठा झपाट्याने घटू लागला. अखेर गव्हाची सरकारी खरेदी २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने थांबविण्याचे २००८ साली ठरले.

आपल्या ग्रॅनाइटमध्ये तर तेवढीही साठवण नाही. त्याच्या भेगांत व वरच्या झिजलेल्या थरात राहील तेवढेच पाणी. हे ओळखूनच पूर्वजांनी गावोगाव तलाव बांधले. कुतुबशाहीतील हुसेनसागर, १९२० चा उस्मानसागर व १९२७ चा हिमायतसागर हे त्याच शहाणपणाचे वारस होत. मोसमी पाऊस निसर्ग देतो. तो अडविणे, मुरविणे व तलाव न बुजविणे हे माणसाचे काम आहे. त्यात कसूर झाली, तर दोन पठारांतील साम्य वाढत जाईल, हे आपण सर्वांनी ध्यानी धरावे.