हाकेला ओ देणारे यंत्र

आपण बोललेले ऐकून काम करणारी यंत्रे आता अनेक घरांत दिसू लागली आहेत. अशा एका यंत्राची, म्हणजेच स्मार्ट स्पीकरची, माहिती या पाठात दिली आहे. हे यंत्र कसे चालते, त्याचा उपयोग काय आणि ते वापरताना कोणती काळजी घ्यावी, हे आपण पाहू.

मुलांनो, दिवा लावायचा तर आपण बटण दाबतो. रेडिओ ऐकायचा तर खुंटी फिरवतो. आजवर यंत्रांकडून काम करून घ्यायला आपल्याला हात वापरावे लागत. आता मात्र नुसत्या बोलण्याने काम करणारे यंत्र निघाले आहे. त्याला स्मार्ट स्पीकर म्हणतात. दिसायला तो एखाद्या छोट्या डब्यासारखा किंवा चेंडूसारखा असतो.

माणसाचे बोलणे यंत्राला समजावे, यासाठी शास्त्रज्ञ फार वर्षांपासून प्रयत्न करत होते. १९५२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 'ऑड्री' नावाचे यंत्र तयार झाले. त्याला फक्त शून्य ते नऊ हे अंक ओळखता येत. १९६२ साली आयबीएम या कंपनीने सिॲटल येथील जागतिक प्रदर्शनात 'शूबॉक्स' नावाचे यंत्र दाखवले. त्याला १६ शब्द समजत. पुढे संगणक वेगवान झाले, इंटरनेट आले. २०१४ साली ॲमेझॉन कंपनीने 'इको' हा स्पीकर आणला. २०१६ साली गूगल कंपनीचा 'होम' हा स्पीकर आला. तेव्हापासून ही यंत्रे घरोघरी पोहोचू लागली.

हे यंत्र चालते कसे? स्पीकरच्या आत छोटे मायक्रोफोन असतात. त्या स्पीकरला एक ठरावीक हाक असते. ती हाक कानावर पडली, की तो जागा होतो. त्याचा छोटा दिवा लागतो. मग आपण जे बोलतो, ते इंटरनेटवरून दूर असलेल्या मोठ्या संगणकांकडे जाते. तेथे आपल्या आवाजाचे शब्द केले जातात. त्या शब्दांचा अर्थ लावला जातो. उत्तर तयार होऊन परत येते आणि स्पीकर ते बोलून दाखवतो. हे सारे काही क्षणांत घडते. इंटरनेट बंद असेल, तर मात्र या स्पीकरची बहुतेक कामे अडून बसतात.

आता आपण एका घरात जाऊ. हे घर कतार देशातील दोहा शहरात आहे. कतार हा अरबस्तानाच्या किनाऱ्यावरचा छोटासा देश. तिन्ही बाजूंनी समुद्र आणि आत वाळवंट. दोहा ही त्याची राजधानी. कामधंद्यासाठी लाखो भारतीय तेथे राहतात. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. या घरात आई, बाबा, ताई आणि तिचा धाकटा भाऊ राहतात. साताऱ्याहून आजीही काही महिने राहायला आली आहे.

सकाळी उठल्याबरोबर ताई स्पीकरला विचारते, "आज तापमान किती असेल?" हा प्रश्न तेथे फार महत्त्वाचा आहे. उन्हाळ्यात कतारमध्ये तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. कधी वायव्येकडून 'शमाल' नावाचा वारा सुटतो आणि धूळ उडते. १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी ३.३० पर्यंत उघड्यावर उन्हात काम करण्यास तेथे कायद्याने बंदी आहे. बाहेर खेळायला केव्हा जावे, हे ताई हवामान ऐकूनच ठरवते.

आईला स्पीकरचा उपयोग स्वयंपाकघरात होतो. हात कणकेने माखलेले असले, तरी "दहा मिनिटांनी आठवण कर," असे तिला सांगता येते. वाणसामानाची यादीही ती बोलून करते. बाबांना आजीच्या गोळ्यांची वेळ चुकू द्यायची नसते. रोज रात्री आठ वाजता स्पीकर त्यांना आठवण करतो. या घरातील काही दिवे आणि एसी स्पीकरला जोडलेले आहेत. त्यामुळे अंथरुणातून न उठता दिवा मालवता येतो.

घरातल्यांना ही सोय वाटते. पण काही माणसांना हे यंत्र फार मोठा आधार देते. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांना घड्याळ पाहावे लागत नाही, वेळ विचारता येते. ज्यांना हातपाय हलवता येत नाहीत, त्यांना दुसऱ्याला हाक न मारता स्वतःच दिवा लावता येतो.

एके दिवशी आजीने पुरणपोळीचा बेत केला. तिने डाळ शिजत ठेवली आणि स्पीकरकडे पाहून ती म्हणाली, "अरे बाबा, पंधरा मिनिटांनी सांग हं मला."

स्पीकर गप्पच राहिला. धाकट्याला हसू आले. तो म्हणाला, "आजी, आधी त्याला हाक मारावी लागते."

आजीने हाक मारली आणि तेच वाक्य पुन्हा म्हटले. या वेळी दिवा लागला. पण स्पीकर हिंदीत म्हणाला, की मला समजले नाही.

"आजी, याला आपण हिंदीवर लावले आहे," ताई म्हणाली. तिने आजीचे म्हणणे हिंदीत सांगितले. लगेच काम झाले.

आजी क्षणभर थांबली. मग म्हणाली, "म्हणजे मला डाळ शिजवायची, तर याच्याशी बोलायला दुभाषी हवा! याला आपली भाषा कुणी शिकवली नाही का गं?"

आजीचा प्रश्न अगदी योग्य होता. यंत्राला कोणतीही भाषा आपोआप येत नाही. ती शिकवावी लागते. त्यासाठी हजारो माणसांचे बोलणे ध्वनिमुद्रित करतात. कोण काय बोलले, हे त्यासोबत लिहून ठेवतात. लहान-मोठे, स्त्री-पुरुष, खेड्यातले-शहरातले, असे सर्वांचे आवाज त्यात असावे लागतात. जितके बोलणे जास्त, तितकी यंत्राची समज चांगली.

अरबी भाषेचेही असेच आहे. लिहिण्याची अरबी सगळीकडे जवळजवळ सारखी असते. परंतु इजिप्तमधील माणसाचे बोलणे वेगळे आणि कतारमधील माणसाचे वेगळे. दोहा येथील कतार संगणकशास्त्र संशोधन संस्थेने या कामात लक्ष घातले. दोह्यातच 'अल जझीरा' ही दूरचित्रवाणी वाहिनी आहे. त्या वाहिनीच्या सुमारे १२०० तासांच्या कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण वापरून २०१६ साली अनेक संशोधकांनी यंत्रांना अरबी बोलणे ओळखायला शिकवले. २०२१ साली ॲमेझॉनची 'अलेक्सा' ही साहाय्यकही अरबी बोलू लागली.

मराठीसाठीही प्रयत्न सुरू आहेत. २०१८ साली गूगलच्या मोबाइलमधील साहाय्यकाला मराठी समजू लागली. २०२२ साली भारत सरकारने 'भाषिणी' हा उपक्रम सुरू केला. भारतीय भाषांमधून संगणक वापरता यावेत, हा त्याचा हेतू आहे. त्यात 'भाषादान' नावाचा एक भाग आहे. पैसे दान करतात, रक्तदान करतात, तसे येथे लोक आपल्या भाषेतील वाक्ये बोलून देतात. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी बोलणाऱ्यांचे आवाज जसजसे यंत्रांना मिळतील, तसतशी त्यांची समज वाढेल.

हे यंत्र उपयोगी असले, तरी ते वापरताना काळजी घ्यायला हवी. टीव्हीवरचा आवाज ऐकूनही कधीकधी ते जागे होते. नको तेव्हा त्याचा मायक्रोफोन बंद करण्याचे बटण असते. ते कोठे आहे, हे माहीत करून घ्यावे. आपण बोललेले साठवलेले असेल, तर घरातील मोठ्या माणसांना ते पाहता येते व पुसूनही टाकता येते. घरातील खासगी गोष्टी, पत्ता, पासवर्ड त्याला सांगू नयेत. मोठ्यांना विचारल्याशिवाय त्याच्याकडून काही विकत मागवू नये. त्याची उत्तरे चुकूही शकतात. म्हणून ती पुस्तकात पाहून किंवा गुरुजींना, बाईंना विचारून पडताळावीत. ते गोळीची वेळ सांगेल. पण कोणती गोळी घ्यायची, हे डॉक्टरच सांगतील. संकटाच्या वेळी स्पीकरवर विसंबून न राहता फोन करावा. भारतात त्यासाठी ११२ हा क्रमांक आहे, कतारमध्ये ९९९.

त्या दिवशी पुरणपोळ्या झाल्यावर आजीला साताऱ्याला बहिणीशी बोलायचे होते. "आत्ता तिकडे किती वाजले असतील?" तिने विचारले. धाकटा स्पीकरकडे धावणार, इतक्यात ताई म्हणाली, "थांब, हे आपल्यालाच येते. भारताचे घड्याळ कतारच्या अडीच तास पुढे असते. इथे १ वाजला, म्हणजे तिकडे ३.३० वाजले."

मुलांनो, आजीला कळेल अशा मराठीत यंत्र बोलू लागेल, यात शंका नाही. मात्र ती मराठी यंत्राला माणसांकडूनच मिळणार आहे. म्हणून आपण आपली भाषा रोज बोलली पाहिजे, स्पष्ट बोलली पाहिजे.

शब्दार्थ
ओ देणे – हाकेला उत्तर देणे. दुभाषी – एका भाषेतील बोलणे दुसऱ्या भाषेत सांगणारा. ध्वनिमुद्रण – आवाज साठवून ठेवणे. पडताळणे – खरे आहे का ते पाहणे. विसंबणे – अवलंबून राहणे.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'शूबॉक्स' या यंत्राला किती शब्द समजत?
(आ) स्पीकर कशाने जागा होतो?
(इ) कतारमध्ये उन्हात काम करण्यास केव्हा बंदी असते?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) आजीचे बोलणे स्पीकरला का समजले नाही?
(आ) यंत्राला भाषा कशी शिकवतात?
(इ) स्पीकर वापरताना कोणती काळजी घ्याल?

प्र. ३. कतारमध्ये सकाळचे ९ वाजले असता भारतात किती वाजलेले असतील? स्पीकरला न विचारता सांगा.

उपक्रम : आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यातील, तुम्हांला नवे वाटणारे पाच शब्द लिहून आणा व त्यांचे अर्थ वर्गात सांगा.