वाढदिवस : तारखेचा, तिथीचा आणि आठवणीचा

(मुख्याध्यापकांच्या लेखणीतून)





मागील सत्रात सातवीच्या एका विद्यार्थ्याने आम्हाला मधल्या सुट्टीत गाठले. म्हणाला, "सर, आजी म्हणते माझा जन्म आश्विन वद्य पंचमीचा. शेजारच्या काकांच्या पंचांगात तोच दिवस कार्तिक कृष्ण पंचमी आहे. मग मी आश्विनात जन्मलो की कार्तिकात?"

प्रश्न ऐकून आम्हाला आमचे बालपण आठवले. आमचे शिक्षण पहिलीपासून पदवीपर्यंत हिंदी माध्यमात झाले. घरात मराठी, शाळेत हिंदी. घरी आई म्हणे, "अजून श्रावण लागायचा आहे." शाळेत मात्र 'सावन' लागून आठ-दहा दिवस झालेले असत. दोघांपैकी कोणीतरी चुकते आहे असे आम्हाला बरीच वर्षे वाटत होते. वास्तविक कोणीच चुकत नव्हते. इंदूरसारख्या गावात राहणाऱ्या प्रत्येक मराठी मुलाला ही गोष्ट माहीत असायला हवी, म्हणून या अंकातील पाठ वाढदिवसावर. पाठाच्या शेवटी पालकांपुढे आणि विश्वस्तांपुढे एक विनंतीही ठेवली आहे. ती कृपया वाचावी.

१. एकच दिवस, दोन महिने

मराठी पंचांगात महिना अमावास्येला संपतो. याला अमान्त पद्धत म्हणतात. आपल्या आजूबाजूच्या हिंदी पंचांगांत महिना पौर्णिमेला संपतो. ती पौर्णिमान्त पद्धत. आपल्याकडे महिन्याचा शुद्ध पक्ष आधी आणि वद्य पक्ष नंतर येतो, त्यांच्याकडे कृष्ण पक्ष आधी आणि शुक्ल पक्ष नंतर.

यावरून एक सोपा नियम निघतो. शुद्ध पक्षात दोन्ही पंचांगांत महिन्याचे नाव एकच असते. वद्य पक्षात हिंदी पंचांगाचे नाव एक महिना पुढे असते. ही उदाहरणे पाहा :

- जन्माष्टमी : आपली श्रावण वद्य ८, त्यांची भाद्रपद कृष्ण ८.
- महाशिवरात्र : आपली माघ वद्य १४, त्यांची फाल्गुन कृष्ण १४.
- लक्ष्मीपूजन : आपली आश्विन अमावास्या, त्यांची कार्तिक अमावस्या.

सण एकाच दिवशी, दिवे एकाच रात्री, फक्त महिन्याचे नाव वेगळे. शेजाऱ्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो आणि राखीच्या पौर्णिमेला संपतो. आपला श्रावण त्यानंतरही अमावास्येपर्यंत चालतो. उज्जैनला महाकालाच्या सवाऱ्या श्रावणातील सोमवारी निघतात आणि पुढे भाद्रपदाच्या कृष्ण पक्षातही निघतात. यामागे मराठी पंचांगाची परंपरा सांगितली जाते. म्हणजे दोन्ही पंचांगांचा मान राखण्याची रीत माळव्याला नवीन नाही.

वर्षाचा आकडाही असाच दोन प्रकारे मोजला जातो. आपण शालिवाहन शक लिहितो, ते विक्रम संवत लिहितात. शकात १३५ मिळवले की चैत्रापासून मोजला जाणारा संवत मिळतो. २०२५ च्या गुढीपाडव्याला शके १९४७ आणि संवत २०८२ सुरू झाले. वजाबाकी करून पाहा.

तेव्हा आमच्या सातवीच्या मित्राचे उत्तर असे : बाळा, तू आश्विनातही जन्मलास आणि कार्तिकातही. आजी आणि काका दोघेही बरोबर आहेत.

२. तिथी दरवर्षी जागा का बदलते?

आकाशात चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी पूर्ण होते. अशा ३० तिथींचा एक चांद्र महिना. तो साधारण साडेएकोणतीस दिवसांचा असतो. असे बारा महिने मिळून सुमारे ३५४ दिवस होतात. इंग्रजी वर्ष ३६५ दिवसांचे. त्यामुळे तिथीचा वाढदिवस दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो. हे असेच चालू राहिले तर दिवाळी सरकत सरकत उन्हाळ्यात येईल. तसे होऊ नये म्हणून सुमारे ३२-३३ महिन्यांनी एक अधिक महिना येतो. मधे अधिक महिना आला की तिथी ११ दिवस मागे येण्याऐवजी सुमारे १९ दिवस पुढे जाते.

लक्ष्मीपूजनाच्या तारखा पाहा. २०२१ साली ४ नोव्हेंबर, २०२२ साली २४ ऑक्टोबर, २०२३ साली १२ नोव्हेंबर. पहिल्यांदा ११ दिवस मागे, नंतर १९ दिवस पुढे, कारण २०२३ साली अधिक श्रावण आला होता.

आता गंमत पाहा. १९ वर्षांत ७ अधिक महिने येतात आणि चंद्र-सूर्याचा हिशेब जवळजवळ बरोबर जुळतो. २००४ सालीही अधिक श्रावण होता आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरलाच होते. म्हणून तुमच्या १९ व्या वाढदिवशी तारीख आणि तिथी पुन्हा एकत्र येतील. फरक पडलाच तर एखाद्या दिवसाचा. पुढे ३८ व्या, ५७ व्या आणि ७६ व्या वर्षीही तसेच. घरात कोणाचे ५७ वे किंवा ७६ वे वर्ष असेल तर या वेळी जरूर पडताळून पाहा.

ज्याचा जन्म अधिक महिन्यात झाला, त्याने काय करावे? त्याचा वाढदिवस इतर वर्षी त्याच नावाच्या नेहमीच्या महिन्यात करतात. त्याला तीन वर्षे थांबण्याची गरज नाही!

थोरामोठ्यांचेही असेच आहे. शिवाजी महाराजांची जयंती कोणी १९ फेब्रुवारीला करतात, कोणी फाल्गुन वद्य तृतीयेला. हिंदी पंचांगात हीच तिथी चैत्र कृष्ण तृतीया म्हणून सापडेल. आपल्या अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ चा. तो आपण तारखेने साजरा करतो, आणि २०२५ साली त्याला ३०० वर्षे पूर्ण झाली. त्यांचे देहावसान १३ ऑगस्ट १७९५ ला महेश्वरी झाले. इंदुरात त्यांची पालखी मात्र तिथीने निघते. मराठी घरात त्या दिवसाला श्रावण वद्य चतुर्दशी म्हणतात, हिंदी वर्तमानपत्रात भाद्रपद कृष्ण चतुर्दशी छापून येते.

३. औक्षण आणि ताट

आपल्याकडे वाढदिवसाचा जुना विधी आहे, त्याला वर्धापन म्हणतात. त्यात मार्कंडेय आणि अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप, परशुराम या सात चिरंजीवांचे स्मरण करतात आणि तीळ-गूळ घातलेले दूध पितात. आता बहुतेक घरांत यातले औक्षण तेवढे उरले आहे. पाट, भोवती रांगोळी, तबकात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी. अंगठी नसली तरी सुपारीने काम भागते. आधी आई ओवाळते, मग आजी, काकू, आत्या, बहीण.

ताटात काय असावे, याचा शास्त्रापेक्षा घराशी जास्त संबंध आहे. कोणाकडे श्रीखंड-पुरी, कोणाकडे पुरणपोळी, कोणाकडे नुसता शिरा. आपण माळव्यात तीन-चार पिढ्या राहिलो, तेव्हा आपल्या ताटात माळवाही आला. सकाळी पोहे-जिलबी, पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस, थंडीत तळलेला गराडू, आणि पाहुणे जास्त असले की दाल-बाफले. आमच्या मते हेही आपलेच मराठी जेवण आहे.

केक कापावा की नाही, मेणबत्ती विझवावी की नाही, या वादात आम्ही पडत नाही. ज्या घरी केक येतो, त्या घरी निरांजनही लागावे इतकेच सुचवतो. दोन्ही एका टेबलावर राहू शकतात.

४. आमची चूक

आता थोडे घरचे सांगतो.

आमच्या घरी सर्वांचे वाढदिवस होत. आई तिथी लक्षात ठेवी, आदल्या दिवशी चक्का बांधी, सकाळी उठून पाट मांडी. वडिलांचा, आम्हा भावंडांचा, पुढे सुनांचा आणि नातवंडांचा, कोणाचाच वाढदिवस तिने चुकवला नाही. तिचा वाढदिवस कधी असतो हे मात्र आम्ही कधी विचारले नाही. तिच्या कागदपत्रांवर १ जुलै होती. त्या काळी शाळेचे सत्र १ जुलैला सुरू होई आणि पुष्कळ मुलांची तीच तारीख गुरुजी लिहून टाकत. ती खरी नाही हे आम्हाला ठाऊक होते. स्वतः शाळेत असल्याने असे दाखले आम्ही शेकड्याने पाहिले आहेत. तरी पुढचा प्रश्न सुचला नाही.

एका वर्षी आम्ही शाळेच्या मुलांना घेऊन अहिल्यादेवींच्या पालखीला गेलो होतो. पावसात भिजून रात्री घरी परतलो. आमच्या मुलीने सहज विचारले, "आजी, तुझा वाढदिवस खरा कधी गं?" आई म्हणाली, "आजच. पालखी निघाली आणि मी झाले, असे माझी आई सांगायची. उद्या पोळा म्हणून घरात बैल सजवायची गडबड चालली होती."

आम्ही ओले कपडे घेऊन तसेच उभे राहिलो. इतकी वर्षे त्या पालखीला जात होतो, आणि त्याच दिवशी घरी येऊन आईकडे गरम चहा मागत होतो. विचारले, "आई, तू कधी सांगितले का नाहीस?" ती म्हणाली, "माझा कसला मेला वाढदिवस! आणि कोणी विचारले का?"

पुढच्या वर्षी आम्ही वाढदिवस केला. काय करू म्हणून विचारले तर म्हणाली, "भुट्ट्याचा कीस करा. पण किसायला मला बसवू नका." आम्ही आणि मुलीने मिळून वीस भुट्टे किसले. बोटे सोलली. तुपात जिरे-मोहरी, हिंग आणि हिरव्या मिरचीची फोडणी सुनेने घातली, दूध घालून कीस शिजवला, वरून खोबरे-कोथिंबीर पेरली. आईला पाटावर बसवून प्रथमच तिचे औक्षण झाले. "मीठ कमी आहे," म्हणाली आणि दोनदा वाढून घेतले.

असे दोनच वाढदिवस झाले. तिसऱ्या पालखीच्या आधी ती गेली. तिचे जन्मवर्ष आम्हाला आजही नक्की माहीत नाही. ते सांगू शकणारी माणसे तिच्याही आधी गेली होती.

५. शाळेची चूक आणि विनंती

दुसरी चूक शाळेत झाली, आणि ती आमच्याच संमतीने झाली. वाढदिवस असलेल्या मुलाने वर्गात गोळ्या वाटाव्यात ही प्रथा आम्हीच चालू राहू दिली. आधी एक-एक गोळी होती, मग चॉकलेट आले, मग पेन्सिल-रबराचा डबा. मुले हिशेब ठेवू लागली की कोणी काय वाटले. पाचवीतील एक मुलगी सलग दोन वर्षे आपल्या वाढदिवशी गैरहजर राहिली. वर्गशिक्षिकेने हजेरीपट पाहून ही गोष्ट आमच्या ध्यानात आणून दिली. चौकशी केली तेव्हा तिच्या आजीने संकोचाने सांगितले, "सर, चाळीस मुलांना वाटायचे म्हणजे आमच्याने होत नाही. पोर म्हणते, त्यापेक्षा घरीच राहते."

ज्या दिवशी मुलीने सर्वांत आनंदाने शाळेत यावे, त्याच दिवशी ती आमच्यामुळे घरी बसली. याची आम्हाला लाज वाटते. म्हणून शिक्षकांशी विचारविनिमय करून पुढील प्रस्ताव मांडत आहोत :

१. वाढदिवसानिमित्त मुलांनी शाळेत काहीही वाटू नये. पुस्तक भेट देण्याचीही अपेक्षा नसावी, कारण पुस्तकालाही पैसे पडतात.

२. प्रार्थनेनंतर वाढदिवसाच्या मुलाने किंवा मुलीने आपल्या जन्मदिवसाची घरून विचारून आणलेली एक आठवण सर्वांना सांगावी. पाऊस होता का, कोणता सण जवळ होता, नाव कोणी ठेवले, यांपैकी काहीही चालेल.

३. शाळेच्या खर्चाने वर्गात सर्वांना मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा द्यावा. प्रत्येकाच्या वाढदिवशी तेच आणि तेवढेच.

४. ज्यांचा वाढदिवस सुट्टीत येतो, त्यांच्यासाठी शाळा उघडल्यावर एक दिवस ठेवावा.

विश्वस्त मंडळाने येत्या बैठकीत तिसऱ्या मुद्द्याच्या खर्चास मंजुरी द्यावी, ही नम्र विनंती. पालकांना विनंती की घरी वाढदिवस आपल्या ऐपतीप्रमाणे जरूर करावा, पण त्याचा भार शाळेच्या दप्तरात घालून पाठवू नये.

६. सुट्टीतील काम

(अ) इयत्ता ५ वी ते ७ वी : घरातील प्रत्येकाची जन्मतारीख आणि जन्मतिथी वहीत लिहा. तिथी वद्य पक्षातील असेल तर हिंदी पंचांगातील महिन्याचे नावही लिहा.

(आ) इयत्ता ८ वी व ९ वी : जुनी दिनदर्शिका मिळवून आपली जन्मतिथी मागील पाच वर्षांत कोणत्या तारखांना आली ते शोधा. ११ आणि १९ दिवसांचा फरक दिसतो का, ते तपासा. अधिक महिना कोणत्या वर्षी आला?

(इ) इयत्ता १० वी : स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा आणि त्या दिवशी मकरसंक्रांत होती. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. ती पुढे का सरकली? भूगोलाच्या शिक्षकांशी चर्चा करून दहा ओळी लिहा.

(ई) सर्वांसाठी : आजी, आजोबा किंवा घरातील सर्वांत वडील व्यक्तीजवळ बसा. त्यांचा खरा वाढदिवस विचारा. तारीख आठवत नसेल तर कोणता सण होता, शेतात काय पीक होते, कोणाच्या पाठचे ते, हे विचारा. सणावरून तिथी निघते, भावंडांवरून वर्षाचा अंदाज बांधता येतो. नंतर त्या दिवशी त्यांना काय खायला आवडेल ते विचारा आणि ते त्यांना स्वतः करायला लावू नका.

शेवटचे काम तपासायला आम्ही वही मागणार नाही. मात्र ते दिवाळीची वाट न पाहता याच आठवड्यात करा, एवढे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

आपला स्नेहांकित,
मुख्याध्यापक